वजन 63 किलो, पाऊल 24 सेंटीमीटर: गुलमर्गसाठी एकच बोर्ड घ्यायचा तर कुठला?

मुक्ता, रामबाग (इंदूर)

नमस्कार मंडळी. स्नोबोर्ड विकत घ्यायचा आहे, म्हणजे दोन्ही पाय आडवे बांधून बर्फावरून घसरत उतरायची फळी. इथे इंदुरात विचारावं असं माझ्या ओळखीत कुणी नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

वय 38, उंची पाच फूट एक इंच म्हणजे 155 सेंटीमीटर, वजन 63 किलो, पाऊल 24 सेंटीमीटर. नोकरी बँकेत, त्यामुळे सुट्टी मोजून मिळते. गेल्या दोन हिवाळ्यांत गुलमर्गला दोन खेपा झाल्या, दोन्ही जानेवारीच्या शेवटी. मिळून बर्फावर तेरा दिवस.

शिकवणारे दादा फार जीव लावून शिकवायचे. पहिल्या खेपेला तिसऱ्या दिवशी मला 'फॉलिंग लीफ' जमलं. झाडाचं पान डावी-उजवीकडे झुलत खाली येतं, तसं एकाच कडेवर उतरत यायचं. टाचेकडच्या एजवर मी आता बऱ्यापैकी उभी राहते. पण बोटांकडच्या एजवर वळायला गेले की बोर्ड वळतच नाही. मी वाकते, गुडघे दाबते, पोटऱ्या भरून येतात आणि बोर्ड आपला सरळच. दुसऱ्या खेपेच्या शेवटच्या दिवशी मी कोंगडोरीला (रोपवेचा, म्हणजे गोंडोलाचा, पहिला टप्पा) एका बाजूला बसून रडले. तेरा दिवसांत माझ्याबरोबरची पोरं 'एस' काढायला लागली होती. घरी हे कुणाला सांगितलं नाही.

भाड्याच्या बोर्डाचा फोटो काढून ठेवला होता. त्यावर '156 डब्ल्यू' लिहिलंय. म्हणजे बोर्ड माझ्याहून एक सेंटीमीटर उंच! बूटही मोठे होते, दोन जोड मोजे घालून भागवलं.

आता हवं ते असं: एकच बोर्ड, बरीच वर्षं टिकणारा. सकाळी खालच्या उतारावर बर्फ घट्ट असतो तिथेही चालावा, रात्री ताजा बर्फ पडला तर त्यात रुतू नये, आणि पुढेमागे गाइडबरोबर फेज वन, म्हणजे गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याखालच्या झाडीतून उतरता यावं. उड्या मारायच्या नाहीत. बोर्डासाठी पन्नास हजारांपर्यंत बाजूला काढलेत. नणंदेचे यजमान नोव्हेंबरात अमेरिकेहून येताहेत, ते आणतील. त्यांना दिवाळीपर्यंत कळवायचं आहे.

प्रश्न: बायकांचाच बोर्ड घ्यावा, की पुरुषांचा लहान मापाचा चालेल? एका ठिकाणी वाचलं की बोर्ड हनुवटीपर्यंत यावा. तसं बघितलं तर माझं माप 135 येतं. दुसरीकडे वजनाच्या तक्त्यात 146-148 दिसतं. एवढा फरक कसा? आणि हे कॅम्बर-रॉकर मला कुणीतरी नीट समजावून सांगा.

सियागंजवाला

मुक्ताताई, माझं नटबोल्टचं दुकान आहे. मी स्की करतो, बोर्ड बायको चालवते. आमचा अनुभव असा की आधी बूट घ्या, स्वतःच्या मापाचे. बोर्ड आणखी एक वर्ष भाड्याने घेतलात तरी चालेल, पण ढिल्या बुटात कुठलाही बोर्ड ऐकत नाही.

बूट संध्याकाळी घालून बघा, कारण दिवसभरात पाय सुजतो. मोजा एकच जोड. सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत, गुडघे वाकवले की मागे सरकून मोकळी झाली पाहिजेत. पंजावर उभं राहा. टाच आतून उचलली जात असेल तर तो बूट परत ठेवा, मग किमतीत कितीही सूट असो.

सुदामानगरच्या काकू

मुक्ता, तुझं लिहिणं दोनदा वाचलं. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, तेव्हा हिशेबानेच सांगते. तुला येत नव्हतं म्हणून वळण होत नव्हतं, असं मनात धरू नकोस. हे गणितच तुझ्या विरुद्ध मांडलेलं होतं.

'डब्ल्यू' म्हणजे रुंद बोर्ड, मोठ्या पावलाच्या पुरुषांसाठीचा. बोर्डाची मधली सर्वांत अरुंद जागा म्हणजे कंबर. अशा बोर्डाची कंबर 26 सेंटीमीटरच्या आसपास असते आणि पाय बांधतो तिथे साधारण सेंटीमीटरभर जास्त. म्हणजे 27 धर. तुझ्या मापाचा बूट बाहेरून 27 भरेल, पण बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डाला बांधायची पकड, 15 अंशांनी फिरवलेलं असलं तर तो आडव्यात 26 च राहतो. म्हणजे बूट दोन्हीकडून अर्धा सेंटीमीटर आत. आणि बुटातलं तुझं पाऊल? ते दोन्ही कडांपासून जवळजवळ दोन सेंटीमीटर आत. बोटांकडची कड बर्फात रुतवायची ती पंजाने आणि नडगीने दाबून. पंजाच कडेपासून एवढा लांब असेल तर जोर पोचणार कसा? घरातलं एखादं जड दार कडीपाशी ढकल आणि मग बिजागरीपाशी ढकल, म्हणजे तुझ्या पोटऱ्या का भरून यायच्या ते कळेल. त्यात बूट मोठे. जो काही जोर उरला तो दोन जोड मोज्यांतच जिरला.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: बायकांचाच बोर्ड घे. रंग, फुलं, पक्षी सोडून दे. त्याची कंबर अरुंद असते आणि तो कमी वजनाच्या माणसाला वाकवता येईल इतपत नरम बांधलेला असतो. तुला कंबर 23.8 ते 24.3 च्या दरम्यान हवी. पाय बांधतो तिथे ती 25 च्या आसपास होईल आणि बूट दोन्हीकडून अर्धा सेंटीमीटर बाहेर येईल. इतका यायलाच हवा. एक-दीड सेंटीमीटरपर्यंतही हरकत नाही. त्याहून जास्त आला तर तीव्र वळणात बूट बर्फाला घासतो आणि बोर्ड पायाखालून सुटतो. पुरुषांचा लहान मापाचा बोर्ड घेतलास तर लांबी जमेल, पण कंबर बहुतेक पुन्हा रुंदच निघेल.

आता लांबी. हनुवटीचा नियम विसर. बोर्डाला तुझी उंची कळत नाही, वजन कळतं. 135 चा बोर्ड 63 किलो अधिक कपडे, बूट, पाठीवरची पिशवी एवढ्याखाली ताज्या बर्फात नाक खुपसून बसेल आणि घट्ट बर्फावर थरथरेल, कारण पकडायला कडच कमी. तक्ता बरोबर सांगतोय, 146 ते 148. बूट घालून वजन किती होतं ते एकदा बघ. ज्या कंपनीचा बोर्ड घेशील तिचाच तक्ता वाच. सगळ्यांचे सारखे नसतात.

कॅम्बर-रॉकर असं समज. बोर्ड फरशीवर ठेव. मधला भाग धनुष्यासारखा वर उचललेला आणि टोकांजवळ टेकलेला, तो कॅम्बर. वर उभं राहिलं की तो दबतो आणि पूर्ण कड बर्फाला लागते, म्हणून घट्ट बर्फावर पकड चांगली. पाळण्याच्या बुडासारखा मधे टेकलेला आणि टोकं वर, तो रॉकर. तो भुसभुशीत बर्फात तरंगतो, वळायला सोपा, पण घट्ट बर्फावर निसटतो. तुला दोन्ही हवंय, तर दोन्हींचं मिश्रण असलेला, म्हणजे हायब्रिड घे. पायांखाली कॅम्बर, टोकांना रॉकर. काही कंपन्या उलटं करतात, दोन पायांच्या मधे रॉकर आणि बाहेर कॅम्बर. ते फार माफ करणारं असतं, पण वेगात थोडं सैल वाटतं.

माफ करणारं हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. माझा पहिला बोर्ड एका परदेशी पर्यटकाकडून मार्चअखेरीला स्वस्तात घेतला होता. पुरुषांचा 154, पूर्ण कॅम्बर, कडक. पाहायला देखणा. दुसऱ्याच दिवशी जवळजवळ सपाट जागेवर, रमतगमत चालले होते तर उताराकडची कड अडकली आणि मी पुढे आपटले. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर आणि शाळा सुरू, फळ्यावर डाव्या हाताने लिहायचे. स्नोबोर्डवर सर्वांत जास्त मोडतं ते मनगटच. मनगटाचे गार्ड आणि हेल्मेट पहिल्या दिवसापासून घाल, तेरा दिवस झाले असले तरी.

आकार 'डायरेक्शनल ट्विन' बघ. दिसायला दोन्ही टोकं जवळपास सारखी, पण पाय बांधायची जागा किंचित मागे किंवा नाक थोडं लांब. म्हणून बर्फात नाक वर राहतं, आणि उलट्या पायाने, म्हणजे मागचा पाय पुढे घेऊनही, शिकता येतं. कडकपणा दहापैकी चार-पाच. मात्र हा आकडा प्रत्येक कंपनी आपल्या मनाने देते, तेव्हा एकीचा पाच आणि दुसरीचा पाच एक समजू नकोस.

आणि एक, मला फार आवडणारी गोष्ट. 1965 साली अमेरिकेत मिशिगनच्या मस्किगनमध्ये शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने दोन स्की एकमेकींना जोडून आपल्या मुलींसाठी फळी केली, 'स्नर्फर'. आजचा बोर्ड तिच्यापासूनच पुढे आला. मुलींसाठी बनलेली चीज आहे ही. तुझ्या मापाची तुला मिळालीच पाहिजे.

सियागंजवाला

काकूंचं रुंदीचं गणित बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "हेच मला पाच वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर." म्हणून मुक्ताताई, एक वर्ष भाड्याचं चालवा असं मी म्हटलं होतं ते मागे घेतो.

बाइंडिंगबद्दल माझ्या धंद्यातलं सांगतो. बहुतेक बोर्डांना चार-चार भोकांचे गट असतात. बर्टनच्या बोर्डांना त्याऐवजी मधे लांब खाच असते, चॅनेल म्हणतात तिला. बर्टनची ईएसटी बाइंडिंग फक्त त्या खाचेतच बसतात, रीफ्लेक्स दोन्हीकडे बसतात. आधी बोर्ड ठरवा, मग बाइंडिंग. नाहीतर अमेरिकेहून आलेली वस्तू एकमेकींत बसणार नाही आणि इथे बदलून मिळणार नाही. बायकांच्या बाइंडिंगची पाठ थोडी बुटकी असते. बायकांची पोटरी खालपर्यंत भरलेली असते, तिथे ती रुतू नये म्हणून.

स्क्रू एम 6 मापाचे असतात. हरवला तर सियागंजात सहज मिळेल, पण लांबी जुन्या स्क्रूइतकीच घ्या. लांब स्क्रू जोर लावून आवळला तर बोर्डाच्या पोटाला खालून फुगवटा येतो आणि तो जात नाही. तीन नंबरचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर बॅगेत ठेवा. दोन नंबरचा बसतो असं वाटतं, पण तो डोकं खाऊन टाकतो. पहिला दिवस संपला की सगळे स्क्रू एकदा आवळा, थरथरीने ढिले होतात.

दांडिया बाजार, वडोदरा

सगळं नीट सांगितलंय, फक्त झाडीतून आणि वर जायच्या बाबतीत दोन शब्द. माझा भाऊ आणि मी दरवर्षी जातो. गुलमर्ग 2,650 मीटरवर आहे, गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवटवर जवळजवळ 3,950 मीटरपर्यंत नेतो. वर गेलं की आखलेले, दाबलेले उतार नाहीत, सगळा डोंगर उघडा. 1 फेब्रुवारी 2023 ला तिथेच हिमस्खलनात दोन पोलिश स्कीअर गेले. तेव्हा पन्नास हजारांतले सगळे बोर्डावर घालू नका. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेला माणूस शोधायचं यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून बघायची लांब काठी) तिथे भाड्याने मिळतात. गाइड घ्या, सकाळी गस्तीवाल्यांचा इशारा वाचा, आणि ट्रान्सीव्हर वापरायचा कसा हे आदल्या दिवशी हॉटेलच्या अंगणात शिकून घ्या.

दुसरं, ड्रॅग लिफ्ट, म्हणजे बर्फावरूनच ओढत वर नेणारी. स्कीवाल्यांना ती सोपी, आपल्याला नाही. मागचा पाय सोडून बोर्डावर नुसता टेकवून वर जायचं असतं, आणि बर्फाने माखलेला बूट घसरतो. मागच्या बाइंडिंगला लागून बोर्डावर खरखरीत स्टॉम्प पॅड चिकटवा. घरीच चिकटवा, तिथल्या थंडीत गोंद धरत नाही. छोटी गोष्ट, पण माझ्या पहिल्या आठवड्यातली निम्मी पडझड लिफ्टवरच झाली.

मुक्ता, रामबाग (इंदूर)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. काकू, तुमचं वाचून मी काल रात्री फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून दोन पट्ट्या कापल्या, एक 27 सेंटीमीटर रुंद, एक 25. फरशीवर ठेवून अनवाणी 15 अंशांवर उभी राहिले. 27 च्या पट्टीवर माझी बोटं कडेपासून कुठल्या कुठे होती. 25 च्या पट्टीवर पाय ठेवला आणि बोटं जवळजवळ कडेपाशी. मुलीला दाखवलं, तिने पेन्सिलने खूण केली. तेरा दिवस मी कशाशी झगडत होते ते पायाखालीच दिसलं.

पाऊल पुन्हा भिंतीला टाच लावून मोजलं, 24.1. बूट नसल्याने जड चपला आणि जाड कपडे घालून वजन केलं, 66.

आता नावं सांगा. यादीत चार आहेत: कॅपिटाचा बर्ड्स ऑफ अ फेदर, ग्नूचा लेडीज चॉइस, जोन्सचा ड्रीम वीव्हर, बर्टनचा फीलगुड. आणि बेस, म्हणजे बोर्डाचं बूड, 'एक्स्ट्रुडेड' घ्यावा की 'सिंटर्ड'?

सुदामानगरच्या काकू

पुठ्ठ्याचं वाचून मला किती आनंद झाला! मी हे वर्गात करून घेतलं असतं.

चारही चांगले आहेत. फीलगुड आत्ता सोड. तो कडक आहे आणि ज्यांना कडेवर पूर्ण भरवसा आलाय त्यांच्यासाठी आहे. बर्ड्स ऑफ अ फेदर पूर्ण ट्विन, मिश्र कॅम्बर, मधला कडकपणा. थोडा चपळ, शिकणाऱ्याला वाढायला जागा देणारा. लेडीज चॉइसची टाचेकडची कड बोटांकडच्या कडेहून जास्त खोल वळलेली असते, कारण टाचेवरचं वळण शरीराला मुळातच अवघड. आणि त्याच्या कडेला लाटांसारखे उंचवटे असतात, मॅग्नेट्रॅक्शन. पावाच्या दातेरी सुरीसारखी ती कडक बर्फ धरते. ड्रीम वीव्हर डायरेक्शनल आहे, ताज्या बर्फात आणि झाडीत तो चौघांत सरस.

तुझं वर्ष बघ. दहा दिवसांची सुट्टी, त्यातले सहा-सात दिवस खालच्या उतारांवर सकाळच्या घट्ट बर्फात वळणं पक्की करण्यात जाणार. ताजा बर्फ पडला तर दोन-तीन दिवस. म्हणून मी तुझ्या जागी असते तर पहिल्या दोघांपैकी एक घेतला असता, आणि त्यातही बोटांकडचं वळण शिकायचं असल्याने साधा, दोन्हीकडे सारखा असलेला बर्ड्स ऑफ अ फेदर. नवीन पूर्ण किमतीचा घेऊ नकोस. आदल्या वर्षीचं मॉडेल शरद ऋतूतल्या सेलमध्ये बघायला सांग. पुष्कळदा फरक फक्त वरच्या चित्राचा असतो. आणि मागवण्याआधी कंबरेचा आकडा नक्की वाच, मापागणिक तो बदलतो.

बेसचं असं. एक्स्ट्रुडेड स्वस्त, सांभाळायला सोपा, पण सपाट जागी हळू. आपल्याकडे स्कीवाल्यांसारख्या काठ्या नसतात, सपाटीवर थांबलं की पाय सोडून ढकलत चालावं लागतं. सिंटर्ड सच्छिद्र असतो, वॅक्स पितो आणि सुळसुळ पळतो. पण वॅक्स लावलं नाही तर कोरडा, पांढरट पडतो. वॅक्सला दुकान कशाला? माझी आईच्या वेळची बिनवाफेची इस्त्री आहे, ती फक्त बोर्डाचीच ठेवली आहे. वॅक्स इस्त्रीवर टेकवून थेंब पाडायचे, मग इस्त्री एका लयीत फिरवत राहायची. धूर निघाला की समज, जास्त तापली. गार झालं की प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडायचं.

आणि ठेवायचा कसा ते इंदूरवाल्यांना वेगळं सांगावं लागतं. पत्र्याखालच्या माळ्यावर अजिबात नको, मे महिन्यात तिथे चिकटवलेले थर सुटतात. परत आलीस की कडा पुसून कोरड्या कर, बेसवर आणि कडांवर जाड वॅक्स लावून न खरवडता तसंच राहू दे, बाइंडिंगचे स्क्रू थोडे ढिले कर आणि पलंगाखाली आडवा ठेव. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून बघ. माझ्या कडांवर एका जुलैत असा गंज चढला होता की घासून काढायला दोन रविवार गेले.

माझा बोर्ड 147 आहे, बायकांचा, कंबर 24. फरशीवर ठेवून कॅम्बर बघ, त्यावर उभी राहा. रविवारी सकाळी ये. पोहे करते.

सियागंजवाला

जाण्याचं सांगायचं राहिलं. बोर्डाची लांब बॅग घेऊन आम्हाला आगगाडीच सोपी पडली. इंदूरहून माळवा एक्स्प्रेस थेट कटरापर्यंत जाते, आणि जून 2025 पासून कटरा ते श्रीनगर वंदे भारत सुरू झाली आहे. बॅगेत बोर्डाभोवती थर्मल आणि जॅकेट गुंडाळा, कडा सुरक्षित राहतात आणि वेगळी पेटी लागत नाही. टंगमर्गहून वर 13 किलोमीटर साखळी लावलेल्या गाडीने जावं लागतं. टपावर बॅग बांधताना तुमच्यासमोरच बांधून घ्या.

मुक्ता, रामबाग (इंदूर)

नणंदेच्या यजमानांना आत्ताच कळवलं: बर्ड्स ऑफ अ फेदर, 146 किंवा 148 यांपैकी ज्याची कंबर 24.3 च्या आत असेल तो, आदल्या वर्षीचा असला तर उत्तम. बाइंडिंग मीडियम, भोकं जुळतात की नाही ते विचारूनच. बूट मात्र दिल्लीला जाऊन स्वतः घालून घेणार आहे, संध्याकाळी, एका मोज्यात. मनगटाचे गार्ड आज मागवले. ट्रान्सीव्हरच्या भाड्याचे पैसे वेगळे काढून ठेवले.

काकू, रविवारी नऊपर्यंत सुदामानगरला पोचते, मुलीलाही आणते. तिचं पाऊल 22 आहे आणि तिने पुठ्ठ्याची तिसरी पट्टी कापून ठेवली आहे. येताना जिलबी मी आणते.